तीन रायफली आणि वीतभर कापड

१४ ऑक्टोबर १९७८, शनिवार

माझ्या सॅव्हेज रायफलीला कोणीतरी हात लावलाय!

आज मी, तौनो आणि पास्को, तिघेही खडीच्या खाणीत नेम तपासायला गेलो. शंभर पावलांवर कागदी ताटली, प्रत्येकी पाच गोळ्या — हरणांच्या हंगामाआधीचा नेहमीचा रिवाज. तौनोच्या मार्लिनच्या चार लागल्या. पास्कोच्या विंचेस्टरच्या पाचही. माझ्या दोन. दोन! सत्तेचाळीस सालापासून ही रायफल माझ्याकडे आहे. तिने असा दगा कधी दिला नाही.

तौनोने ताटल्याही भलत्याच पुसट आणल्यात. त्याला म्हटलं तर म्हणतो, "ताटली पांढरी, खडी काळी. आता काय दिवा लावू तिच्यावर?" आणि पास्को — बहिणीचा नवरा म्हणून सहन करतो मी त्याला — खो खो हसला. "नाचता येईना अंगण वाकडं! मेव्हण्या, तुझं—" एवढं बोलला आणि तौनोने त्याला कोपराने ढोसलं. पास्को, आणि वाक्य अर्धं सोडतो! कुठेतरी पाणी मुरतंय.

मग गाडीच्या फळीवर बसून कॉफी, बायकोने, आयलीने दिलेला वेलदोड्याचा पाव, आणि तोच जुना वाद. पास्कोचं म्हणणं, विंचेस्टरसारखी रायफल नाही — हलकी, पोटाशी एका हातात धरून मैलभर चाला. मी म्हटलं, हो, आणि रिकामी पुंगळी वर उडून तुझ्याच टोपीवर पडते ते? तौनो म्हणाला, म्हणून तर मार्लिन. पुंगळी उजवीकडे जाते, वरून सगळी बंद, त्यामुळे दुर्बीण बसते. मी म्हटलं, तुमच्या दोघांच्या काडतुसांची रांग नळीखालच्या नळीत एकामागे एक. टोकदार गोळी घातलीत तर पुढच्याच्या बुडाला टोचून तिथेच धडाका. म्हणून जन्मभर बोथट गोळ्या झाडा — एकशेसत्तर ग्रेन वजनाचे गोटे! माझ्या सॅव्हेजच्या पोटात काडतुसं चक्रात बसतात. एकशेपन्नास ग्रेन, सुईसारखं टोक. बाहेर घोडा नाही, झुडपात अडकत नाही. आणि किती उरली ते पितळी खिडकीतला आकडा सांगतो.

"किती उरलीत?" पास्कोने विचारलं.

आकडा हल्ली पुसट झालाय. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त.

१५ ऑक्टोबर

रायफल भिंगाखाली तपासली. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी जागच्या जागी. मी कोरलेली रेघ रेघेला जुळते. हात लावल्याची खूण नाही.

म्हणजे ज्याने लावला तो हुशार आहे.

१९ ऑक्टोबर

आयली शिवणयंत्रावर बसलीय. लाल-काळी चौकडी, लोकर जाड. मला वाटलं शर्ट माझाच. ती स्वयंपाकघरात गेल्यावर छातीशी लावून पाहिला — माझ्यासारखी दीड माणसं मावतील. आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा वीतभर लांब! बेचाळीस वर्षं शिवतेय ही बाई, कधी कापड वाया घालवलं नाही.

"कोणाचा?"

"चर्चच्या विक्रीला."

"एवढा मागे लांब?"

"गुडघ्यापर्यंत थंडी वाजणारे लोक असतात," म्हणाली. यंत्र सुरू केलं, म्हणजे बोलणं बंद.

पास्कोची छाती सेहेचाळीस आहे. लिहून ठेवतो, एवढंच.

२२ ऑक्टोबर, रविवार

फ्रीजरमधलं गेल्या वर्षीच्या हरणाचं शेवटचं मांस आज संपलं. खांद्याचा तुकडा, बटाटे, गाजर. दुसऱ्याच घासाला दाढेखाली खट्! गोळी. फुलून बटणासारखी झालेली, पण बूड शाबूत. मी आयलीला दाखवली — बघ, खांद्यात बरोबर! अडुसष्टाव्या वर्षी! तिने पाहिली आणि उठून भांडी घासायला लागली. अजून तिचं जेवण व्हायचं होतं.

२३ ऑक्टोबर

काडतुसं मी स्वतः भरतो, त्यामुळे तळघरात दारू तोलायचा काटा आहे. सहज म्हणून गोळी त्यावर टाकली.

एकशेत्रेसष्ट ग्रेन.

पुन्हा टाकली. काटा पुसला, भिंगातून वाचलं, पुन्हा टाकली. एकशेत्रेसष्ट. माझी गोळी निघते तेव्हाच एकशेपन्नास असते. हरणात शिरताना गोळी झिजते. तिचं वजन वाढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षीचं माझं हरिण माझ्या गोळीने मेलेलं नाही.

२४ ऑक्टोबर

झोप नाही. सकाळीच गोळी घेऊन तळघरात. बुडाच्या कडेवर नळीतल्या खाचांचे वळ उमटतात. मार्लिनच्या नळीत बारा बारीक खाचा, मांजराने ओरखडल्यासारख्या. विंचेस्टरच्या नळीत सहा, रुंद. नखाने चाचपत फिरवली, तीनदा. सहा. सॅव्हेजच्याही सहाच असतात, पण वजनाने तिला कालच सोडवलं.

उरला कोण? पास्को.

२५ ऑक्टोबर

आता सगळं स्वच्छ दिसतं. परवान्यावर माणशी एक हरिण, आणि पाडलेल्या हरणाला बांधायचा एक बिल्ला. मेव्हणा नर पाडतो आणि माझ्या गळ्यात मारतो. बिल्ला माझा लागतो, त्याचा कोरा राहतो. मग कोऱ्या बिल्ल्यावर दुसरं हरिण, गुपचूप. सरळ वाटेने मिळालं तर त्याला पचत नाही. खाणीत मुकादम होता तेव्हाही आपल्या कॉर्निश लोकांना वरची पाळी आणि आम्हा फिन लोकांना पाण्यातली. बहिणीने, लेम्पीने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा बाबांनी तीन शनिवार सौना, आमची वाफेची न्हाणी, पेटवली नव्हती, ते उगाच नाही.

आणि मी! एकतीस हंगाम नेम चुकला नाही म्हणून मिरवतोय. जंगलातल्या आमच्या शिकारी कॅम्पच्या भिंतीवर सगळ्यांची शेपटं आहेत, माझं नाही. नेम हुकला की शर्टाची मागची लोंबती बाजू कापून, नाव-साल लिहून भिंतीवर ठोकायची — तेच शेपूट. तौनोची नऊ, पास्कोची अकरा. त्यातली शेवटची तीन तर लागोपाठ — पंचाहत्तर, शहात्तर, सत्याहत्तर.

ज्याने हरिण टांगलं तो कात्री चालवतो. ती तीनही मीच कापली. आता कळतं तो एवढा खुशीत पाठ कशी फिरवायचा. शर्ट गेला तर गेला, हरिण मिळतंय ना!

२८ ऑक्टोबर, शनिवार

लेम्पीकडे गेलो. पास्को मासे धरायला गेलेला, मी पाहूनच गेलो होतो. तिने मांस-बटाट्याची पेस्टी गरम केली. मी म्हटलं, बटाटे काढून देऊ का तळघरातून? खाली जाऊन फ्रीजर उघडला. मासे. ब्लूबेरी. गायीचं मांस, कागदात गुंडाळलेलं. हरणाचं बोटभरही नाही.

वर आलो तर बहीण दारातच. "काय शोधतोयस, नीलो?"

"बटाटे."

"फ्रीजरात?" मग म्हणाली, "हरिण शोधत असशील तर ते तुझ्याकडे. आमच्या घरात तीन वर्षं शिजलं नाही. ख्रिसमसला आयलीने सॉसेज पाठवलं तेवढंच."

"मग पास्को नेतो कुठे?"

"काय कुठे नेतो?"

खरंच माहीत नव्हतं तिला. किंवा फारच चांगलं माहीत होतं. पेस्टी अर्धी टाकून आलो. अर्धी पेस्टी मी आयुष्यात कुठे टाकली नव्हती.

२९ ऑक्टोबर

विकत असेल. राज्याच्या सरहद्दीपलीकडे विस्कॉन्सिनात हॉटेलवाले घेतात म्हणे.

३ नोव्हेंबर

एकटाच कॅम्पवर जाऊन आलो. सरपण आणायचं निमित्त. आधी हरणासाठी दबा धरून बसायच्या माझ्या आडोशात बसून पाहिलं. ही जागा मी निवडलेली नाही — पंचाहत्तर साली पास्को आणि तौनोने माझ्या माघारी आडोसा हलवला, नाल्याकाठी, समोर मातीची उंच दरड. चाळीस पावलांपुढे काही नाही. मी तेव्हा फार आदळआपट केली. पास्को म्हणाला होता, "गोळी कुठेही गेली तरी दरडीत जाईल." हे काय कारण झालं?

मग पास्कोच्या आडोशात चढलो. तोही त्याने त्याच साली बदलला. माझ्या डाव्या हाताला, वर, साठ पावलं. तिथे बसलो आणि अंगावर काटा आला. तिथून माझा आडोसा असा दिसतो जसा कोणी ताटात वाढून ठेवलाय. माझा बसायचा ओंडका. रायफल टेकवायची फांदी. हरणाची वाट तिथून नीट दिसत नाही. मी दिसतो, आणि माझ्यासमोरची दरड.

त्याच्या बसायच्या ओंडक्यामागे पाचोळ्यात चाचपलं. तीन पुंगळ्या, एक काळी, एक तपकिरी, एक जरा बरी. वर उडून मागे पडलेल्या. तीन वर्षं, तीन. तो दरवर्षी सांगतो, "तुझ्या हरणामागून दुसरं पळत होतं, त्याच्यावर मारली, हुकली." मी ते दुसरं कधी पाहिलं नाही. दरवर्षी एक दुसरं!

पुंगळ्या खिशात आहेत. लिहिताना उजवा डोळा मिटून घेतो. बरं पडतं.

७ नोव्हेंबर

आयली म्हणते, हंगामाआधी मार्क्वेटला डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. हंगामाआधीच का? सगळ्यांना मी कॅम्पवर नको झालोय.

१२ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. चोर रंगेहाथच धरायचा.

तळघरात बसून एक काडतूस भरलं — थोडी दारू, वर कागदाचा बोळा, त्यावर मेण. गोळी नाही. आवाज होईल, धूर होईल, आणि सुई टोचल्याइतकंही हरणाला लागणार नाही. पहिल्या दिवशी सॅव्हेजमध्ये हे एकच. माझ्यासमोर हरिण पडलं तर ते कोणाचं, हे परमेश्वरालाही सांगावं लागेल. मग मी खिशातून गोळी काढीन, तीन पुंगळ्या काढीन, टेबलावर मांडीन, तौनोच्या देखत. म्हणेन, बोल आता, मुकादम!

मेण हातावर सांडलं.

१४ नोव्हेंबर, कॅम्प

उद्या हंगाम. वीतभर बर्फ पडलाय. शेगडी लाल, सौना झाली, पास्कोने लेम्पीच्या पेस्ट्या काढल्या. कोट काढला आणि आत — लाल-काळी चौकडी! आयलीने शिवलेला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय बघतोस? नवा आहे. चर्चच्या विक्रीत घेतला."

तौनो हसायला लागला आणि एकदम शेगडीत लाकूड घालायला वळला.

माझी बायकोही यात आहे. सगळे मिळून मला खेळवतायत. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि माझ्या पाठीमागे ती त्याच्यासाठी शर्ट शिवते. कॅम्पमध्ये रडलेला माणूस अजून भिंतीवर नाही, म्हणून बंद करतो.

१५ नोव्हेंबर, बुधवार

सगळं लिहायचंय. सुचेल तसं.

साडेसातला आडोशात. थंडी अशी की मिशीला बर्फ. रायफलमध्ये ते एकच. पावणेनऊच्या सुमारास नाल्यापलीकडे तपकिरी काहीतरी हललं. शिंगं? असावीत. मी रायफल फांदीवर टेकवली. मण्याचे दोन मणी दिसत होते, नेहमीसारखे. तपकिरी थांबलं. मी चाप ओढला.

आवाज झाला, फुस्स आणि फाट यांच्या मधला. खांद्याला धक्का नाही. आणि मी श्वास सोडायच्या आत वरून, डावीकडून — धाड्!

तपकिरी खाली बसलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पकडला! पण मी त्या पडलेल्याकडे बघत बसलो आणि एकच विचार डोक्यात आला. मी पाहिलं काय होतं? तपकिरी. एवढंच. तौनोचा कोट तपकिरी आहे, लाल टोपी काढली तर तोही तपकिरी. गेल्या वर्षीही तपकिरी. त्याच्या आधीही. मी तीन वर्षं, आज धरून चार, काहीतरी तपकिरी बघून चाप ओढतोय, आणि समोर मातीची दरड आहे म्हणून आज आम्ही तिघे जिवंत आहोत! तिथेच बर्फात बसलो.

पास्को धापा टाकत उतरला. "हाणलास, म्हाताऱ्या! आठ टोकांच्या शिंगांचा आहे! काय नेम, काय नेम!" माझ्या पाठीत थाप. आणि मग, कोटाची बटणं लावत, दुसरीकडे बघत — "मागून दुसरं पळत होतं. मारली. हुकली."

माझ्या खिशात तीन पुंगळ्या होत्या. मुठीत धरल्या. मला वाटलं होतं तो हरणं विकतो. तो तर एकही हरिण न घेता चार वर्षं माझ्यावर डोळा ठेवून बसलाय. स्वतःचा हंगाम मला बघण्यात घालवतोय. आणि गावभर सांगत मी फिरतो, की विंचेस्टरवाल्या माणसाला कोठाराची भिंतही लागत नाही!

संध्याकाळी हरिण ओंडक्याला टांगलं. तौनोने माझा बिल्ला बांधलाही. मग जेवण, मग कात्री. तौनोने ती माझ्या हातात दिली, नेहमीसारखी. पास्कोने पाठ फिरवली, शर्ट विजारीतून बाहेर ओढला. वीतभर लांब. कापायलाच शिवलेला! त्या घड्या, ती दुहेरी टीप — आयलीचे हात मी आंधळा असतो तरी ओळखले असते.

"सरळ काप रे," पास्को म्हणाला. "मागच्या वर्षी तिरका कापलास, लेम्पीने मला दोन दिवस बोलून घेतलं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण एकतीस वर्षांचा ताठा एका संध्याकाळी मोडत नाही. मी कापलं. खिळा मीच ठोकला. तौनोने नाव-साल लिहिलं. पास्को टाळ्या वाजवत होता, "बारा! तुम्ही दोघं एकत्र आलात तरी गाठणार नाही!"

मी आयुष्यात पुष्कळ हलकी कामं केली असतील. यापेक्षा हलकं नाही.

१६ नोव्हेंबर

आडोशात बसलो. रायफलमध्ये काही घातलं नव्हतं. पास्को वर होता, दिवसभर.

१७ नोव्हेंबर

पास्को दुपारी खाली आला, कॉफीचा थर्मास घेऊन. ओंडक्यावर शेजारी बसला. मग त्याने माझी सॅव्हेज उचलली, चापाखालचा दांडा खाली ओढून आत पाहिलं. रिकामी. माझ्याकडे पाहिलं.

"परवाचा आवाज जरा फुसका होता," म्हणाला.

"होता."

"मला वाटलं तुझी दारू ओली झाली."

"नाही. कोरडीच होती."

त्याने दांडा परत वर केला, हळू, लहान मुलाला पांघरूण घालावं तसा. "चांगली रायफल आहे," म्हणाला. "विंचेस्टरइतकी नाही. पण चांगली."

मी खिशातल्या तीन पुंगळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. त्या मुठीत घेऊन तो वर निघून गेला. विंचेस्टर एका हातात, पोटाशी. खरंच सोपी दिसते तशी न्यायला.

१८ नोव्हेंबर, शनिवार. घरी

आयलीला म्हटलं, सोमवारी मार्क्वेटला जाऊ. आणि माझे चार शर्ट दे, कात्री दे. एका शर्टाला शेपूट एकच, आणि सालं चार. उद्या कॅम्पवर ठोकून येतो, पास्कोच्या शेजारी.

तिने कशाला म्हणून विचारलं नाही. खुंटीवरचे दोन काढले, इस्त्रीचे दोन काढले, पलंगावर पालथे पसरले. चारही शर्टांची मागची बाजू वीतभर लांब होती. चार वर्षं मी तीच खोचून फिरत होतो.